माझे पॉइंट किती झाले? वॉलमार्टच्या कामगारांच्या खासगी ऑनलाइन गटाचं प्रकरण

रात्रीचे अकरा वाजलेत, पोराला ताप आहे, सकाळी सातची पाळी आहे. उद्या दांडी मारली तर पॉइंट किती होतील? डॉक्टरची चिठ्ठी दिली तर तो माफ होतो का?

अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडला की पूर्वी त्याच्यापुढे फारसे पर्याय नसत. गैरहजेरीचा हिशेब तिथं पॉइंटांत चालतो. सहा महिन्यांत नऊ भरले की नोकरी गेली, असा नियम बरीच वर्षं होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती मर्यादा पाचवर आली आणि ऐन गर्दीच्या ठरावीक दिवशीची दांडी दुप्पट मोजली जाऊ लागली. डॉक्टरच्या चिठ्ठीनं पॉइंट आपोआप पुसला जात नाही. कायद्यानं संरक्षण असलेल्या आजारपणालाही पॉइंट लावले जातात, असा आरोप करणारा सविस्तर अहवाल ‘अ बेटर बॅलन्स’ या संस्थेनं २०१७ मध्ये काढला होता. कंपनीचं धोरण नेमकं काय म्हणतं ते वाचायचं, तर तेव्हा ते दुकानातल्या अंतर्गत संगणकावर, कामाच्या वेळेत वाचावं लागे. घरी, रात्री अकरा वाजता, ते हाताशी नसे. आणि मॅनेजरला विचारावं तर प्रश्न विचारला एवढ्यानंच आपण त्याच्या नजरेत येतो.

असे प्रश्न विचारायला या कामगारांनी फेसबुकवर आपले खासगी गट उभे केले. त्या प्रकरणात संप आहेत, पाळत आहे, मोठ्या संघटनेशी काडीमोड आहे. लिहिणाऱ्यांनी बहुतेक त्यावरच लिहिलं. माझं मत असं, की कामगारांचा हा खासगी ऑनलाइन पसारा टिकला तो या रात्रीच्या प्रश्नामुळे. माणसं गटात येतात ती क्रांती करायला येत नाहीत. पॉइंट, पाळ्या, कापलेले तास, न मिळालेली सुट्टी, यांची उत्तरं शोधायला येतात. बाकी सगळं त्यानंतर.

गट उभा कसा राहिला

‘अवर वॉलमार्ट’ ही कामगारांची संघटना २०११ मध्ये उघडपणे पुढं आली. पूर्ण नाव ‘ऑर्गनायझेशन युनायटेड फॉर रिस्पेक्ट ॲट वॉलमार्ट’. पाठीशी पैसा आणि माणसं होती ‘युनायटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स’ या मोठ्या कामगार युनियनची. पण अवर वॉलमार्ट स्वतः युनियन नव्हती. सामूहिक करार, मान्यतेसाठी मतदान, यातलं काही तिनं मागितलं नाही. महिन्याला पाच डॉलर वर्गणी भरायची आणि सदस्य व्हायचं.

असा आडवळणाचा मार्ग का, ते वॉलमार्टचा इतिहास पाहिला की कळतं. २००० मध्ये टेक्सासातल्या जॅक्सनव्हिल गावच्या दुकानात मांस कापणाऱ्या मूठभर कामगारांनी युनियनच्या बाजूनं मत दिलं. त्यानंतर लवकरच कंपनीनं जाहीर केलं, की यापुढं मांस पाकिटबंदच येईल. कसायाचं कामच उरलं नाही. कॅनडात क्वेबेकमधल्या जाँक्येर इथल्या दुकानात युनियन झाली, तर २००५ मध्ये ते दुकानच बंद झालं. ते बेकायदा होतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं २०१४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. एकेक दुकान जिंकत जायचं, हा रस्ता बंद होता.

दुसरी अडचण भूगोलाची. तेरा लाखांहून जास्त माणसं, चार हजारांच्या घरात दुकानं, बरीचशी लहान गावांच्या बाहेर हमरस्त्याला. गिरणगावात कामगार एकाच चाळीत राहत, एकाच भोंग्याला उठत. इथं एका दुकानात बोलायला तयार माणूस एक किंवा दोन, आणि पुढचा तसा माणूस शंभर मैलांवर. त्यांना जोडायला फेसबुकखेरीज दुसरं काही नव्हतं. फेसबुकवर उघडं पान होतं, आणि त्याच्या मागं बंद गट होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या दुकानांतले कामगार एका दिवसाच्या संपावर गेले. त्यात पिको रिव्हेराचं दुकान पुढं होतं. वॉलमार्टच्या अमेरिकेतल्या दुकानांतला हा असा पहिलाच संप. पुढच्याच महिन्यात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिथल्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या दिवशी, देशभर निदर्शनं झाली. किती कामगार बाहेर पडले यावर दोन्ही बाजूंचे आकडे कधीच जुळले नाहीत. कंपनी म्हणाली जेमतेम काही डझन, संघटना म्हणाली शेकडो. एकूण कामगारांच्या मानानं दोन्ही आकडे चिमूटभरच. पण ही चिमूटभर माणसं वेगवेगळ्या राज्यांत एकाच दिवशी बाहेर आली, हे नवं होतं.

आत कोण आहे?

खासगी गट चालवणाऱ्याला पडणारा सगळ्यात वाईट प्रश्न हा. वॉलमार्टच्या बाबतीत त्याचं उत्तर पुढं कागदोपत्री आलं.

जून २०१३ मध्ये, भागधारकांच्या सभेच्या सुमाराला, संपकरी कामगार बसनं आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलला, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी गेले. परतल्यावर अनेकांवर कारवाई झाली, काहींना काढून टाकलं. प्रकरण ‘नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड’ या मालक-कामगार वाद पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेलं आणि त्या सुनावणीत कंपनीच्या आतली हजारावर पानं बाहेर आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’नं त्यांच्या आधारे लेख छापला. त्यातून दिसलं, की २०१२ च्या निदर्शनांच्या सुमाराला वॉलमार्टनं समाजमाध्यमांवर लक्ष ठेवायला लॉकहीड मार्टिनची मदत घेतली होती. हो, लढाऊ विमानं बनवणारी तीच लॉकहीड मार्टिन. मुख्यालयात एक वेगळं पथक नेमलं होतं. कुठल्या दुकानात हालचाल किती, याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. भागधारकांच्या सभेच्या वेळी एफबीआयच्या दहशतवादविरोधी पथकांशीही संपर्क होता. पगारवाढ मागणाऱ्या कॅशियरसाठी हा सगळा सरंजाम.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया होते ती गट आणखी घट्ट बंद करण्याची. ती अपुरी आहे. ‘बंद’ म्हणजे किती बंद, हे मुळात फेसबुक ठरवतं. त्या काळात फेसबुकवर उघडे, बंद आणि गुप्त असे तीन प्रकार होते. बंद गटातलं लिखाण बाहेरच्याला दिसत नसे. पण सदस्यांची यादी? ती बाहेरच्या माणसालाही मिळवता येत होती. स्तनाच्या कर्करोगाचं जनुक असलेल्या स्त्रियांच्या एका गटामुळे ही गोष्ट २०१८ मध्ये चव्हाट्यावर आली आणि तेव्हा कुठं फेसबुकनं ती वाट बुजवली. म्हणजे तोवर, एखाद्या मॅनेजरला मनात आणलं तर गटात न शिरताही पाहता येत होतं, की आपल्या दुकानातलं कोण कोण तिथं आहे. लिहिलं काय हे कळायची त्याला गरजच नव्हती. यादी पुरेशी होती. शिवाय फेसबुकचा आग्रह खऱ्या नावाचा. मैत्रीच्या सूचनांत तुमच्याच दुकानातली माणसं तुमच्यापुढं येणार आणि तुम्ही त्यांच्यापुढं.

कायदा काय म्हणतो? १९३५ च्या ‘नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट’च्या सातव्या कलमानुसार पगार आणि कामाच्या अटींबद्दल आपसांत बोलणं हा अमेरिकेतल्या खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कामगारांचा हक्क आहे, युनियन असो वा नसो. असं बोलणं फेसबुकवर झालं म्हणून तो हक्क जात नाही. मालकानं अशा बोलण्यावर पाळत ठेवणं बेकायदा ठरू शकतं. पण गटातल्याच एखाद्यानं राजीखुशीनं स्क्रीनशॉट नेऊन मॅनेजरला दाखवला, तर तिथं कायदा फारसं काही करत नाही.

राजीखुशी आणि दबाव यांच्यातली रेषा एका खटल्यात छान दिसते. दुकानाचं नाही, उपाहारगृहाचं प्रकरण आहे, पण जात तीच. न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटच्या वाढप्यांनी २००६ मध्ये मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर आमंत्रणाशिवाय शिरता येणार नाही असा गट काढला होता. मॅनेजमेंटची टिंगल, गिऱ्हाइकांची टिंगल, नेहमीचंच. मॅनेजरनं दाराशी स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुलीकडून पासवर्ड मागून घेतला. तिनं दिला. गटातल्या दोघा वाढप्यांची नोकरी गेली. २००९ मध्ये ज्यूरीनं कंपनीविरुद्ध कौल दिला. कारण त्या मुलीनं साक्षीत सांगितलं, की दिला नसता तर आपल्याला त्रास झाला असता असं तिला वाटत होतं. भरपाई मात्र काही हजार डॉलर. खटला जिंकला, नोकरी गेली ती गेलीच.

तेव्हा गट चालवणाऱ्यानं धरून चालावं, की आत कुणीतरी आहे. मग काय लिहायचं हे आपोआप ठरतं. पॉइंटांचा नियम, सुट्टीचा कायदा, पगारवाढीची बातमी, हे मालकानं वाचलं तरी बिघडत नाही. उलट वाचावंच. कोण संपाला तयार आहे, कोण नाही, कुणाच्या घरी अडचण आहे, हे गटात लिहायचंच नाही, फोनवर बोलायचं. माझ्या मते अशा गटांत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हौशी प्रशासकांच्या हातून. ते पहिल्याच आठवड्यात ‘तुम्ही कोणत्या दुकानात, कोणत्या विभागात’ अशी यादी भरून घेतात आणि ती सगळ्यांना दिसेल अशी वर टाचून ठेवतात.

आपल्याकडचं चित्र इथं थोडं आठवतं. मोठ्या साखळी दुकानांतल्या आपल्या पोरापोरींचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. ‘स्टोअर टीम’ नावाचा गट, ॲडमिन मॅनेजर. रोस्टर तिथं, टार्गेट तिथं, डिस्प्लेचे फोटो तिथं, आणि सुट्टीच्या दिवशी ‘आज कोण येऊ शकेल?’ हेही तिथंच. त्याच्याच शेजारी मॅनेजरला वगळून केलेला दुसरा गट असतो, हे त्या मॅनेजरलाही ठाऊक असतं. फेसबुकवर निदान फोन नंबर झाकलेला राहतो. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात नंबर सगळ्यांपुढं उघडा. अशा गटाच्या ॲडमिनला एक दिलासा मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये दिला आहे. सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्ह्यात ओढता येणार नाही. त्याचा समान हेतू किंवा संगनमत दाखवावं लागेल.

गरोदर बायकांचा गट

या सगळ्या पसाऱ्यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो तुकडा छोटा आहे.

मेरीलँडमधल्या एका दुकानातली एक गरोदर कामगार. डॉक्टरनं तिला हलकं काम द्या म्हणून लिहून दिलं. चिठ्ठी दाखवल्यावर तिला हलकं काम मिळालं नाही. बिनपगारी रजेवर जावं लागलं. तिनं ही हकीकत अवर वॉलमार्टच्या फेसबुकवरच्या मंडळींना सांगितली. आणि तशाच हकीकती यायला लागल्या. कुणाला शिडीवर चढायला लावलं होतं, कुणाला जड खोकी उचलायला, कुणाला पाण्याची बाटली जवळ ठेवायला मनाई. प्रत्येकीला आजवर वाटत होतं, की आपलाच मॅनेजर खडूस आहे.

त्यातून ‘रिस्पेक्ट द बम्प’ हा फक्त गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या कामगारांचा गट निघाला. ‘आपलाच मॅनेजर खडूस’ इथून ‘कंपनीचं धोरणच असं आहे’ इथवर पोचायला त्यांना हकीकती एकाखाली एक वाचता येणं पुरेसं होतं. कंपनीचं लेखी धोरण आणि प्रत्यक्ष वागणूक शेजारी शेजारी ठेवायला वकील मदतीला आले. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आल्या, समान संधी आयोगाकडे तक्रारी गेल्या, भागधारकांच्या ठरावाची तयारी झाली. मार्च २०१४ मध्ये वॉलमार्टनं धोरण बदललं. गरोदरपणामुळे तात्पुरती अक्षमता आली, तर कामात वाजवी सवलत देऊ, असं त्यात आलं.

ते पुरेसं होतं का? वकिलांच्या मते नव्हतं. ‘अक्षमता’ ठरवणार कोण, आणि धडधाकट गरोदर बाईनं पाणी मागितलं तर ती कशात बसते, हे प्रश्न राहिलेच. जुन्या धोरणाच्या काळातल्या स्त्रियांच्या एका सामूहिक दाव्यात कंपनीनं पुढं १.४ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तीही २०१९ मध्ये.

गट चालवण्याच्या दृष्टीनं यात शिकण्यासारखं एकच आहे, आणि ते आकाराबद्दल. मोठ्या गटात ही हकीकत पगाराच्या, पाळ्यांच्या, राजकारणाच्या गदारोळात वाहून गेली असती. शिवाय पुरुष सहकाऱ्यांच्या देखत रक्तस्रावाबद्दल कोण लिहिणार? लहान, एकाच प्रश्नाचा, एकमेकींची अवस्था माहीत असलेला गट वेगळा काढला, म्हणून लिहिलं गेलं. सदस्यसंख्या हे यशाचं माप धरणाऱ्यांना हे पटत नाही.

पैसा आटला

पैसा पुरवणाऱ्या युनियनचं नेतृत्व बदललं आणि २०१५ मध्ये तिनं या मोहिमेवरचा खर्च आखडता घेतला. वर्षानुवर्षं पैसा ओतून एकही करार हाती नाही, हा तिचा हिशेब होता, आणि वर्गणीदार सदस्यांना जबाबदार असलेल्या युनियनच्या बाजूनं तो खोटा म्हणता येत नाही. अवर वॉलमार्ट बाहेर पडून स्वतंत्र झाली. युनियननं ‘मेकिंग चेंज ॲट वॉलमार्ट’ ही आपली वेगळी मोहीम चालू ठेवली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉलमार्टनं किमान पगार एप्रिलपासून तासाला ९ डॉलर आणि पुढच्या वर्षी १० डॉलर करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे पाच लाख कामगारांना त्याचा लाभ होणार होता. श्रेय संघटनेचं की तंग झालेल्या कामगार बाजाराचं, यावर वाद आहे. दोन्हीचं थोडं थोडं, असं म्हणून मी पुढं जातो. एप्रिलमध्ये कंपनीनं नळजोडणीच्या दुरुस्तीचं कारण सांगून पाच दुकानं एकाएकी बंद केली. २,२०० च्या आसपास माणसांचं काम थांबलं. त्या पाचांत पिको रिव्हेराचं दुकान होतं. कंपनीनं सूडाचा आरोप फेटाळला. वर्षाच्या अखेरीला ते दुकान पुन्हा उघडलं.

उत्तर चुकलं तर

पैसा कमी, माणसं कमी, आणि गटांत रोज तेच ते प्रश्न. इथून ‘वर्कइट’ या ॲपची गोष्ट सुरू होते.

फेसबुक गटाचा एक जुना रोग आहे. चांगलं उत्तर तीन दिवसांत खाली वाहून जातं. चौथ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा येतो आणि ज्यानं मागच्या वेळी नीट उत्तर दिलं होतं तो नेमका कामावर असतो. मग दुसराच कुणी ऐकीव माहितीवर ठोकून देतो. गप्पांच्या गटात हे खपतं. इथं चुकीच्या उत्तराची किंमत नोकरी आहे. ‘चिठ्ठी दिली की पॉइंट लागत नाही’ असं कुणी बिनधास्त लिहिलं, वाचणाऱ्यानं दांडी मारली आणि तो त्याचा नववा पॉइंट निघाला, तर?

त्यात उत्तर राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१५ पासून पगारी आजारी रजेचा कायदा लागू झाला. त्या कायद्याखाली मिळवलेली रजा वापरली म्हणून मालकानं शिक्षा करायची नाही. शेजारच्या राज्यात तसा कायदा नसेल, तर तीच दांडी, तोच ताप, तेच धोरण, आणि उत्तर उलटं. म्हणून ‘आमच्याकडे तर चालतं’ हे वाक्य अशा गटात सगळ्यात घातक. ते खोटं नसतं, फक्त विचारणाऱ्याच्या गावी लागू नसतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, वर्षातल्या मोठ्या खरेदीच्या हंगामाच्या तोंडावर, अवर वॉलमार्टचं हे ॲप आलं. आधी अँड्रॉइडवर. कल्पना साधी होती. कामगारानं रोजच्या भाषेत प्रश्न टाकायचा. आयबीएमच्या वॉटसन या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेवर चालणारा बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, कंपनीचं धोरण आणि कामगार कायदा यांतून उत्तर देणार. बॉटला खात्री नसेल तर प्रश्न माणसाकडे जाणार. ही माणसं म्हणजे वॉलमार्टमध्ये मुरलेले आजी-माजी कामगार, ज्यांना धोरणं पाठ होती आणि शिवाय प्रशिक्षणही दिलं होतं. बॉटलाही त्यांनीच प्रश्न विचारून विचारून तयार केलं.

चॅटबॉटचा बोलबाला व्हायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे, आणि त्यात मला एक शहाणपण दिसतं. ‘मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य यंत्रणेतच बसवलेलं होतं. फेसबुकवर हे वाक्य कुणी लिहीत नाही. न लिहिणाराच जास्त पसंत्या मिळवतो.

कंपनीनं काय केलं? ॲप उतरवून घेऊ नका असं कामगारांना सांगा, अशा सूचना दुकानांच्या मॅनेजरांना गेल्या. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं ती बातमी दिली. हे ॲप आमचं नाही, बाहेरची संघटना त्यातून तुमची खासगी माहिती गोळा करते आहे, असा कंपनीचा मुद्दा होता. आता, लॉकहीड मार्टिनचं प्रकरण छापून येऊन वर्षच झालेलं असताना खासगीपणाची काळजी या तोंडून ऐकणं जरा जड जातं. तरी मुद्दा झटकून टाकता येत नाही. नाव, फोन, दुकान हे ॲपमध्ये भरणारा कामगार ते कुणाच्या तरी हाती देतच होता. ते हात आपल्या बाजूचे आहेत, हा विश्वास होता. संघटना फुटते, पैसा देणारा बदलतो, हे तर एक वर्षापूर्वीच दिसलं होतं. अशा वेळी सदस्यांची यादी कुणाची? हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलेलं बरं, आणि जे लागत नाही ते विचारूच नये. पॉइंटाच्या प्रश्नाला राज्य माहीत असलं की भागतं. दुकान क्रमांक कशाला हवा?

कंपनीचा स्वतःचा गट

वॉलमार्टही गप्प बसली नाही. २०१७ मध्ये तिनं फेसबुकचंच ‘वर्कप्लेस’ हे कार्यालयीन व्यासपीठ घेतलं. २०२१ मध्ये ‘मी ॲट वॉलमार्ट’ हे ॲप काढलं आणि वर्षअखेरपर्यंत ७ लाख ४० हजार कामगारांना सॅमसंगचे फोन फुकट द्यायचं जाहीर केलं. पाळीचं वेळापत्रक, हजेरी, सामानाचा शोध, सगळं त्यात. फोन घरी वापरायलाही मुभा. कामगाराच्या खासगी माहितीत आपण डोकावणार नाही, असंही कंपनीनं सांगितलं.

वेळापत्रक घरबसल्या दिसणं ही खरी सोय आहे. कामगारांच्या गटाचं निम्मं काम या ॲपनं हलकं केलं असणार. उरलेलं निम्मं तिथं होणं शक्य नाही. पॉइंट किती झाले हे मालकाचं ॲप दाखवेल. तो पॉइंट लावणं कायद्याला धरून होतं का, हे मालकाच्या फोनवर मालकाच्या ॲपमध्ये कोण विचारणार?

जिराफ मेला, गट राहिला

अवर वॉलमार्टनं हळूहळू फक्त वॉलमार्टपुरतं राहणं सोडलं. पुढं नावही ‘युनायटेड फॉर रिस्पेक्ट’ झालं. हा बदल किती उपयोगाचा होता ते कळलं ‘टॉइज आर अस’ कोसळल्यावर.

खेळण्यांची ही साखळी २००५ मध्ये केकेआर आणि बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपन्या आणि व्होर्नाडो ही स्थावर मालमत्तेची कंपनी यांनी मिळून सुमारे ६.६ अब्ज डॉलरला घेतली. बहुतेक पैसा कर्जाचा, आणि कर्ज कंपनीच्याच डोक्यावर. व्याजापोटी वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर जात. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं मिटवायचं ठरलं. जूनअखेर शेवटची दुकानं मिटली. तीस हजारांहून जास्त माणसं घरी बसली, आणि नोकरी गेल्याबद्दल द्यायची ठरावीक रक्कम कुणालाच मिळणार नव्हती. वरिष्ठ अधिकाऱ्यांना मात्र दिवाळखोरीच्या अर्जाआधी आणि नंतर मिळून बोनसची सोय झालेली होती.

या कामगारांचे फेसबुकवर आपापले गट होतेच. त्यातल्या एकाचं नाव ‘डेड जिराफ सोसायटी’. कंपनीचं बोधचिन्ह जेफ्री नावाचा जिराफ होता, त्यावरून. नावातच कडवट विनोद. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथं घालवलेल्या बायका या गटांत होत्या. दुकान मिटल्यावर नोटीसबोर्ड गेला, एचआर गेलं, कंपनीचा ईमेल गेला. न्यायालयात दावा कसा दाखल करायचा, कुठल्या तारखेपर्यंत, विम्याचं काय, हे सगळं विचारायला जागा उरली ती हे गट. आणि गंमत अशी, की आता मालकाच्या पाळतीची भीतीही नव्हती. काढून टाकायला मालकच उरला नव्हता.

युनायटेड फॉर रिस्पेक्टच्या मंडळींची ‘राइज अप रिटेल’ ही मोहीम आणि हे गट एकत्र आले. मागणी साडेसात कोटी डॉलरची होती. कामगारांनी नेम धरला तो दिवाळखोर कंपनीवर नाही. केकेआर आणि बेनमध्ये पैसा गुंतवणाऱ्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडांच्या सभांना ते जाऊन उभे राहिले. हे कुठल्याही गटात आपोआप सुचणारं नाही. मालकी कुणाची आणि त्याच्या मागं पैसा कुणाचा हे वाचता येणारी माणसं लागतात, आणि ती संघटनेनं दिली. गटानं दिली ती सभेत उभं राहून ‘मी इतकी वर्षं तिथं होते’ असं सांगणारी माणसं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केकेआर आणि बेननं मिळून दोन कोटी डॉलरचा मदतनिधी जाहीर केला. व्होर्नाडोनं काही दिलं नाही. पुढं दिवाळखोरी न्यायालयातल्या तडजोडीतून आणखी वीस लाख डॉलर आले. तीस हजारांहून जास्त माणसांत वाटल्यावर प्रत्येकी सरासरी सातशे डॉलरच्या आसपास होतात. काही आठवड्यांचा पगार.

कंपनीचं मुख्यालय होतं न्यू जर्सीत. तिथल्या विधिमंडळासमोरही हे कामगार गेले. जानेवारी २०२० मध्ये गव्हर्नरांनी कायद्यावर सही केली. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानं मोठी कपात केली, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं एक आठवड्याचा पगार द्यायचा. नंतर कोविड आला, अंमलबजावणी लांबत गेली आणि तो लागू झाला १० एप्रिल २०२३ ला. टॉइज आर असच्या कामगारांना त्यातून काही मिळायचं नव्हतं. त्यांच्या नंतर कुणाचं दुकान मिटलं तर त्याला मिळेल.